कांद्याचा भाव, बुडतं जहाज आणि एक संमतिपत्र



इतिहासाच्या आपल्या गप्पांमध्ये आज सिएटलच्या डाउनटाउनबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात पुण्यापासून करतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात आला तो पुण्यातल्या एका कागदामुळे.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावानं व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'संमतिपत्र'. शुक्रवार पेठेत मंडईच्या मागच्या अंगाला आमचा वाडा आहे. आजोबांनंतर आम्हा सात जणांची नावं त्यावर लागली. तो पाडून तिथे नवी इमारत बांधायची आहे. सहा सह्या झाल्या होत्या आणि सातवी माझी राहिली होती. मी बेलव्ह्यूमधल्या घरात कॉफी पीत ती पीडीएफ उघडली आणि पहिला विचार आला, 'छे! वाडा पाडायचा नाही.'

तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर असा प्रसंग आला असेल. आला नसेल, तर कदाचित येईल. म्हणून म्हटलं, ज्या शहरात आपण राहतो त्यानं हाच प्रश्न कसा सोडवला, कुठे जिंकलं आणि कुठे हरलं, ते आधी नीट बघावं.

सिएटलचं सगळ्यात जुनं डाउनटाउन म्हणजे पायोनियर स्क्वेअर. ६ जून १८८९ रोजी एका सुतारकामाच्या दुकानात सरसाचं भांडं उतू जाऊन आग लागली. गाव लाकडाचं. पंचवीसेक ब्लॉक जळून गेले. त्यानंतर नियम झाला की नव्या इमारती विटांच्या आणि दगडाच्याच हव्यात. शिवाय भरतीच्या पाण्याचा त्रास टाळायला रस्ते जवळजवळ एक मजला उंच करण्यात आले. त्यामुळे पूर्वीचे तळमजले जमिनीखाली गेले. पाहुणे आले की आपण त्यांना जी 'अंडरग्राउंड टूर' दाखवतो, ती या गाडल्या गेलेल्या तळमजल्यांची. बिल स्पायडेल नावाच्या पत्रकारानं १९६५ मध्ये ती सुरू केली.

ही टूर सुरू होण्याआधी चारच वर्षं, १९६१ मध्ये, याच भागातलं जुनं सिएटल हॉटेल पाडलं गेलं. आगीनंतर बांधलेली ती देखणी त्रिकोणी इमारत होती. तिच्या जागी काय आलं? गाड्या ठेवायला एक काँक्रीटचं गॅरेज. उतारावर असल्यामुळे त्याचं एक टोक आभाळाकडे आणि दुसरं जमिनीत रुतल्यासारखं दिसतं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'सिंकिंग शिप', म्हणजे बुडतं जहाज. पुढच्या वेळी येस्लर वेवरून जाताना जरूर बघा.

त्या काळी हा निर्णय घेणाऱ्यांना वेडं म्हणायचं कारण नाही. मी एमबीए करताना आम्हाला एक संकल्पना शिकवली होती, 'हायेस्ट अँड बेस्ट यूज'. जमिनीच्या तुकड्याचा असा वापर शोधायचा, की जो कायद्यात बसतो, बांधता येतो आणि सर्वांत जास्त पैसा देतो. १९६१ च्या अमेरिकेत माणसं उपनगरांत राहायला चालली होती, डाउनटाउन ओस पडत होतं आणि गाडी ठेवायला जागा ही मोठी गरज होती. त्या हिशोबात गॅरेज बरोबर बसतं. हिशोब चुकला नव्हता, पण त्यात हॉटेलच्या आजूबाजूच्या वस्तीला रकानाच नव्हता. हॉटेल गेलं आणि लोक जागे झाले. काही वास्तुविशारद आणि कलादालनवाले जुन्या इमारती विकत घेऊन दुरुस्त करू लागले. १९७० मध्ये पायोनियर स्क्वेअर हा सिएटलचा पहिला ऐतिहासिक विभाग म्हणून जाहीर झाला. एक इमारत गेली, म्हणून बाकीच्या वाचल्या.

पण खरी मोठी लढाई झाली ती पाइक प्लेस मार्केटसाठी. मासे फेकतात ते मार्केट, एवढीच त्याची ओळख आपल्या मुलांना असते. त्याचा जन्म कांद्यापायी झाला हे मुलांना सांगा, त्यांना आपल्या देशाची आठवण येईल.

१९०६-०७ च्या सुमारास सिएटलमधला शेतमाल घाऊक अडत्यांच्या हातात होता. शेतकऱ्याला कमी भाव आणि गिऱ्हाइकाला महाग माल, मधला पैसा अडत्याचा. वर्षभरात कांदा दहापट महागला असं सांगतात. लोक चिडले. थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकानं सुचवलं की शेतकऱ्यांना थेट रस्त्यावर गाड्या लावून माल विकू द्यावा. १७ ऑगस्ट १९०७ रोजी पहिला बाजार भरला. शेतकरी आले दहाहूनही कमी आणि गिऱ्हाइकं आली हजारोंनी. दुपार व्हायच्या आत माल संपला.

यात एक गंमत आहे. आज आपण ज्याला 'जुनं, जपण्यासारखं' म्हणतो त्या मार्केटच्या पहिल्या इमारती बांधल्या एका बिल्डरनं. फ्रँक गुडविन त्याचं नाव. क्लोंडाइकच्या सोन्यात पैसा कमावलेला माणूस. गर्दी बघून त्याला धंदा दिसला आणि १९०७ संपायच्या आत त्यानं पहिली लांबच लांब शेड उभी केली.

आमच्या मंडईची गोष्टही अशीच. १८८६ मध्ये ती 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी मंडईवरच्या एवढ्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आज तिचा अष्टकोनी मनोरा पाडायचा म्हटलं तर अख्खं पुणे रस्त्यावर येईल. प्रत्येक जुनी वास्तू कधी तरी नवी होती आणि तेव्हाही तिच्यावर भांडणं झाली होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता पाइक प्लेसच्या इतिहासातलं एक पान मला तुमच्यासमोर मुद्दाम ठेवायचं आहे. ते फलकांवर वाचून आपण पुढे जातो.

दुसऱ्या महायुद्धाआधी या बाजारात भाजी विकणाऱ्या शेतकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जपानी वंशाचे होते. १९२१ च्या राज्य कायद्यानं जपानहून आलेल्या पिढीला जमीन विकत किंवा खंडानं घ्यायलाही बंदी केली होती. तरी ते इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर किंवा दुसऱ्याच्या नावावर शेती करत टिकून राहिले. आपण सध्या जिथे घरं घेतो त्या बेलव्ह्यूमध्ये तेव्हा त्यांची स्ट्रॉबेरीची शेतं होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. यांतल्या बऱ्याच कुटुंबांना आधी प्युअलपच्या जत्रेच्या मैदानावर आणि मग आयडाहोतल्या मिनिडोकाच्या छावणीत नेलं. युद्धानंतर फार थोडे या बाजारात परतले.

त्या वर्षी मार्केटची एक वीटही हलली नव्हती. छप्पर तेच आणि ओटेही तेच, मात्र ओट्यामागची माणसं नाहीशी झाली. बाजाराला जी उतरती कळा लागली तिची सुपरमार्केटसारखी दुसरी कारणंही होती, पण हे कारण मोठं होतं. पुढे वीस वर्षांनी जेव्हा शहरातले प्रतिष्ठित लोक म्हणाले की मार्केट ओसाड आणि मोडकळीला आलेलं आहे, तेव्हा ते ओसाड कशानं झालं हे फारसं कुणी विचारलं नाही. अकी सोगाबे या कलावतीनं केलेली या शेतकऱ्यांची चित्रं आज मार्केटच्या प्रवेशापाशी वर लावलेली आहेत. मान वर केल्याशिवाय ती दिसत नाहीत.

१९६३ मध्ये योजना पुढे आली. मार्केटचा बराचसा भाग पाडायचा आणि तिथे हॉटेल, ऑफिसं, उंच निवासी इमारती आणि भलं मोठं गॅरेज बांधायचं. केंद्र सरकारच्या 'अर्बन रिन्यूअल' खात्याचा पैसा मिळणार होता. शहराचा कारभार बघणारे आणि डाउनटाउनचे व्यापारी योजनेच्या बाजूनं होते. विरोधात उभा राहिला व्हिक्टर स्टाइनब्रुक, विद्यापीठात वास्तुकला शिकवणारा प्राध्यापक. स्पेस नीडलच्या आकाराच्या कल्पनेत त्याचा हात होता, म्हणजे नव्याचा द्वेष करणारा माणूस नव्हे. तो मार्केटमध्ये बसून रेखाटनं करायचा. भाजीवाले, म्हातारी गिऱ्हाइकं, स्वस्त खोल्यांत राहणारे निवृत्त खलाशी आणि कामगार. त्याचा मुद्दा असा की या इमारती वास्तुकलेचा नमुना वगैरे नाहीत, पण गरीब माणसाला डाउनटाउनमध्ये स्वस्त खाता येईल, राहता येईल आणि मिसळता येईल अशी ही जागा आहे. १९६४ मध्ये त्यानं आणि सोबत्यांनी 'फ्रेंड्स ऑफ द मार्केट' ही संघटना काढली. सात वर्षं वाद झाले आणि शेवटी सह्या गोळा करून त्यांनी प्रश्न मतपेटीत नेला.

ते वर्ष बघा. १९७१. बोइंगनं हजारो माणसांना कामावरून काढलं होतं. शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसानं दिवे मालवून जावं, अशा अर्थाचा फलक विमानतळाजवळ लागला होता, तो याच वर्षी. अशा वेळी कुणी म्हणालं, 'केंद्राचा पैसा येतोय, बांधकामं येताहेत, कामं मिळतील,' तर तुम्ही आम्ही काय केलं असतं? २ नोव्हेंबर १९७१ रोजी सिएटलच्या लोकांनी मार्केट वाचवण्याच्या बाजूनं ७६,३६९ मतं दिली. विरोधात ५३,२६४.

मतदानानंतर जे झालं ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. मत देणं एका दिवसाचं काम, इमारत टिकवणं रोजचं. बारा जणांचा एक आयोग नेमला गेला. मार्केटमधल्या इमारतीचा दर्शनी भाग कसा असावा हे तर तो ठरवतोच, पण त्या गाळ्यात कोणता धंदा चालावा हेही ठरवतो. साखळी दुकानांना तिथे साधारणपणे प्रवेश नाही. स्टारबक्स दिसतं ते त्यांनी सुरुवातच या परिसरात केली म्हणून. ओट्यावर जो विकतो त्यानंच ते पिकवलेलं किंवा बनवलेलं असावं असा दंडक आहे. १९७३ मध्ये मार्केट चालवण्यासाठी एक सार्वजनिक संस्था स्थापन झाली. आणि जो केंद्राचा पैसा मार्केट पाडण्यासाठी येणार होता, त्याच खात्याचा पैसा मार्केट दुरुस्त करायला वापरला गेला. आज तिथे दवाखाना आहे, बालवाडी आहे, ज्येष्ठांचं केंद्र आहे आणि कमी उत्पन्नाची शेकडो माणसं राहतात.

आणि नवं बांधकाम? तेही झालं. मार्केटची एक जुनी इमारत १९७४ च्या आगीत गेली. त्या जागी अनेक वर्षं नुसत्या गाड्या उभ्या असायच्या. २०१७ मध्ये तिथे 'मार्केटफ्रंट' उभं राहिलं. नवं कोरं काँक्रीट, लाकूड आणि काच. पण आत काय आहे ते बघा. विक्रेत्यांसाठी ४७ नवे ओटे, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी ४० घरं आणि तळाला सुमारे ३०० गाड्यांची जागा. १९६३ च्या योजनेतही घरं होती आणि गॅरेज होतं. फरक इतकाच की तेव्हा तिथे असलेल्या माणसांना उठवून ते बांधायचं होतं, आणि या वेळी त्यांच्यासाठी बांधलं. मला या सगळ्या इतिहासातून हीच एक गोष्ट घ्यावीशी वाटते. जुनं की नवं यावर भांडण्याआधी विचारावं, बांधून झाल्यावर इथे कोण असेल?

सगळं सुरळीत झालं असं मात्र सांगणार नाही. मार्केटसमोर १९३९ पासूनचं 'शोबॉक्स' नाट्यगृह आहे. २०१८ मध्ये त्याच्या जागी ४४ मजली इमारतीचा प्रस्ताव आला. लोक खवळले आणि नगर परिषदेनं घाईघाईनं मार्केटचा ऐतिहासिक विभाग वाढवून शोबॉक्स त्यात घातलं. मालक कोर्टात गेला. एकाच मालमत्तेला असं वेगळं काढणं बेकायदा आहे असा निकाल २०१९ मध्ये लागला. पुढे त्या वास्तूला रीतसर मार्गानं वारसा दर्जा मिळाला, पण शहराला धडा मिळाला की जपायचं तर आधीपासून नियमानं जपावं, बुलडोझर दारात आल्यावर नव्हे.

दुसरी अडचण भूकंपाची. २८ फेब्रुवारी २००१ च्या भूकंपात पायोनियर स्क्वेअरमधल्या जुन्या भिंतींच्या विटा गाड्यांवर कोसळल्या. आत लोखंडी आधार नसलेल्या विटांच्या अशा सुमारे ११०० इमारती सिएटलमध्ये आहेत. त्या मजबूत करायला प्रचंड खर्च येतो. तो करायचा कुणी? मालकानं केला तर भाडं वाढतं आणि ज्या छोट्या दुकानासाठी इमारत वाचवली तेच दुकान बाहेर पडतं. यावर थोडे उपाय आहेत. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीवर मोठा खर्च केला तर तो खर्च दहा वर्षं मालमत्ता कराच्या हिशोबातून वजा होतो. वारसा इमारतीच्या मालकाला त्याचे न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडच्या टॉवरला विकता येतात. टीडीआर म्हणतात तो हाच, आपल्याकडे मुंबईतही वारसा इमारतींसाठी आहे. मी ज्या उंच इमारतीत कामाला जातो तशा डाउनटाउनमधल्या काही टॉवरांचे वरचे मजले अशाच विकत घेतलेल्या हक्कांवर उभे आहेत.

आणि हो, त्या टॉवरांमध्ये कोण बसतं? आपण. तुम्ही आणि मी. आपल्या पगारांमुळे या शहराची भाडी वाढली आणि शनिवारी आपणच मार्केटमध्ये जाऊन म्हणतो, 'किती छान जपलंय नाही!' यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, पण आपण कुठल्या खिडकीतून बघतोय हे माहीत असावं.

आता पुन्हा शुक्रवार पेठेत.

मी चुलतभावाला फोन करून मोठं भाषण दिलं. वारसा, सागवानी खांब, चौकातलं तुळशीवृंदावन. त्यानं शांतपणे ऐकलं आणि फोन काकूंकडे दिला. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "तू तिथनं वाडा जप बाबा. रात्री जिना उतरून अंगणातल्या संडासात मी जाते."

मी गप्प झालो.

नुसती बंदी घालून वाडा वाचत नाही, हे पुण्यात शनिवारवाड्याभोवती दिसतं. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. हेतू चांगला. पण तिथल्या जुन्या वाड्यांतल्या लोकांना पुनर्बांधणी करता येत नाही, दुरुस्तीला परवानग्या लागतात आणि तिला पैसा नाही. वाडे टेकू लावून उभे आहेत. जपणूक म्हणजे मनाई नव्हे. सिएटलनं मतदानानंतर आयोग, संस्था आणि पैसा उभा केला, म्हणून मार्केट टिकलं. आमच्या वाड्यासाठी असं काही उभं करायची माझी तयारी आहे का, हे मी स्वतःला विचारलं. प्रामाणिक उत्तर 'नाही' असं आलं.

मग मी संमतिपत्र पुन्हा वाचलं, या वेळी आपण ऑफिसात करार वाचतो तसं. सातही भावंडांना किती चौरस फूट मिळणार ते स्पष्ट होतं. काकूंना बांधकामाच्या काळात कुठे ठेवणार, याबद्दल एक मोघम ओळ होती. तळमजल्यावर दोन भाडेकरू आहेत, एक पत्रावळी-द्रोणांचं दुकान आणि एक पिठाची गिरणी. दोन्ही माझ्या जन्माआधीपासूनची. त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, 'भाडेकरूंचा प्रश्न विकसक सोडवेल.' सोडवेल म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं असेलच. आजूबाजूच्या नव्या इमारतींच्या तळमजल्यावर आता मोबाइलची दुकानं आणि बँकेची एटीएमं आहेत.

मी चुलतभावाला लिहिलं की सही करतो, पण तीन गोष्टी करारात हव्यात. काकूंना त्याच गल्लीत किंवा जवळपास भाड्याची जागा, तिचं भाडं विकसकाकडून आणि परत येण्याची तारीख लेखी. दोन्ही दुकानांना नव्या इमारतीत रस्त्याकडे तोंड असलेले गाळे. आणि पाडण्याआधी वाड्याची नीट मोजमापं, नकाशे आणि फोटो, तो खर्च माझा. सागवानी खांबांचं काय करायचं ते काकू ठरवतील. त्यांनी लगेच सांगून टाकलं की एक खांब देवघराजवळ लावा, बाकीचे विका.

भावाचं उत्तर आलं, "गिरणीला विकसक तयार नाही, आवाज होतो म्हणतो. पत्रावळीवाल्याचं जमेल." गिरणीवरून आमचं अजून चाललं आहे. माझी सही व्हायची आहे. काकूंचा मात्र रोज फोन येतो की लवकर काय ते करा.

तर मंडळी, असा कागद तुमच्याकडे आला तर पहिल्या पानावरचे चौरस फूट बघून झाल्यावर तळमजल्यावरच्यांबद्दलची ओळ शोधा. आणि या शनिवारी पाऊस नसेल तर मुलांना घेऊन पाइक प्लेसला जा. प्रवेशापाशी मान वर करून जपानी शेतकऱ्यांची चित्रं दाखवा. मग खाली बघा. फरशांवर नावं कोरलेली दिसतील. १९८० च्या दशकात पस्तीस डॉलरला एक अशा या फरशा लोकांनी मार्केटच्या दुरुस्तीसाठी विकत घेतल्या, चाळीस हजारांहून जास्त. मुलांना एखादं आपल्यासारखं नाव शोधायला लावा. आमच्या मुलीला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.